पतसंस्थेवर बिनविरोध संचालक झालो, हिशेबातलं कळत नाही. राजीनामा देऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे निवृत्त शिक्षक आहेत. गावात शब्दाला मान आहे, म्हणून तालुक्याच्या पतसंस्थेच्या पॅनेलमध्ये त्यांचं नाव घेतलं गेलं आणि निवडणूक बिनविरोध झाली. मासिक सभा अर्ध्या-पाऊण तासात उरकते. व्यवस्थापक विषय वाचतात, चेअरमन 'मंजूर ना?' म्हणतात, चहा येतो. प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, नंतर लिहिलं जातं आणि शिपाई सहीसाठी घरी घेऊन येतो. आता जवळची एक पतसंस्था बंद पडली आहे, तिथल्या संचालकांना नोटिसा आल्या आहेत आणि घरचे राजीनामा द्या म्हणून मागे लागले आहेत. ज्याला ताळेबंद वाचता येत नाही, तो माणूस नुकसानीला जबाबदार कसा, असं त्यांनी विचारलं आहे.

मी सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करते. अडचणीत आलेल्या काही संस्थांच्या चौकशांमध्ये दप्तर तपासण्याचं कामही केलं आहे. त्या अनुभवावरून सांगते, सर: चौकशीत तुम्हाला ताळेबंद येतो का, हे कोणी विचारत नाही. या तारखेच्या सभेला तुम्ही हजर होतात का, हा ठराव तुमच्या समोर झाला का, तुम्ही काय म्हणालात आणि ते कुठे लिहिलेलं आहे, एवढंच विचारतात. शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांकडे उत्तर नसतं. अकाउंट्स येत नसल्याची काळजी थोडी बाजूला ठेवा. शिपाई घरी प्रोसिडिंग घेऊन येतो, ती काळजी मोठी आहे.

आधी एक स्पष्ट करते. पुढे जे लिहिते आहे ते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेल्या पतसंस्थेपुरतं आहे. तुमची संस्था बहुराज्यीय असेल तर कायदा वेगळा, निबंधकही (सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी) दिल्लीतले. नागरी सहकारी बँक असेल तर रिझर्व्ह बँकेचे नियम वरून लागू होतात. तुम्ही कर्ज उपसमितीत आहात का, तुमच्या कारकिर्दीआधी दिलेली कर्जं किती आणि नंतरची किती, पोटनियम काय म्हणतात, यावरही बरंच अवलंबून आहे. ही माहिती प्रश्नात नाही, म्हणून तुमच्या प्रकरणावर निकाल देत नाही. कामाची पद्धत मात्र सांगता येईल.

कायद्याचं कलम ७३ एकदा मराठीत मिळवून स्वतः वाचा. त्यातल्या एका पोटकलमाचा आशय असा: समितीच्या सदस्यांच्या हलगर्जीपणामुळे किंवा कर्तव्यात कसूर झाल्यामुळे संस्थेचं नुकसान झालं, तर ते भरून देण्याची जबाबदारी सर्व सदस्यांवर संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या असते. ती ठरवण्याआधी निबंधकांनी दप्तर तपासायचं असतं आणि नुकसान नैसर्गिक आपत्तीमुळे किंवा सदस्यांच्या हाताबाहेरच्या कारणाने झालं का, हे पाहायचं असतं. ठराव ज्याला पटला नाही तो सदस्य आपलं विरोधी मत सभेच्या इतिवृत्तात नोंदवू शकतो, आणि तसं नोंदवलं तर त्या ठरावाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. त्याला हवं असेल तर ७ दिवसांच्या आत निबंधकांनाही लेखी कळवता येतं.

याच्या पुढचं वाक्य संचालक वाचतच नाहीत. सभेला गैरहजर असलेला सदस्यही त्या सभेतल्या कामकाजाला जबाबदार धरला जात नाही, पण त्याने नंतर त्या सभेचं इतिवृत्त कायम केलेलं, म्हणजे बरोबर म्हणून मान्य केलेलं नसेल तरच. आता तुमच्या पुढच्या सभेचा अजेंडा काढा. विषय क्रमांक १ काय असतो? 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' ज्या सभेला तुम्ही नव्हता, तिच्यात पन्नास लाखांचं कर्ज मंजूर झालं आणि महिनाभराने चहा पिता पिता तुम्ही ते इतिवृत्त सर्वांबरोबर कायम केलंत, की गैरहजेरीचं संरक्षण संपलं. एका चौकशीत एक डॉक्टर होते. वादग्रस्त कर्जाच्या सभेच्या दिवशी ते परगावी होते, त्याचं तिकीटही त्यांनी जपून ठेवलं होतं. पण पुढच्या सभेच्या पहिल्या ठरावाखाली त्यांची सही होती. त्या तिकिटाचा काही उपयोग झाला नाही. तो माणूस लबाड नव्हता. पहिला विषय औपचारिक असतो, असं त्यांना कायम वाटत आलं होतं.

म्हणून गैरहजर असाल तर पुढच्या सभेत पहिल्याच विषयाला सांगायचं, 'त्या सभेला मी नव्हतो, ते इतिवृत्त कायम करण्यात मी सहभागी नाही, तशी नोंद घ्या.' आणि नोंद झाली का, ते स्वतः वाचायचं. मात्र यातून पळवाट काढून सतत गैरहजर राहू नका. बहुतेक पोटनियमांत लागोपाठ गैरहजेरीने पद जाण्याची तरतूद असते, आणि सतत गैरहजेरी हाच हलगर्जीपणा ठरू शकतो.

घरी येणाऱ्या सहीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. सभा संपताना प्रोसिडिंग पूर्ण झालेलं नसेल तर निदान ठरावांचा कच्चा मसुदा तिथेच वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या पानावर, अर्धवट पानावर किंवा मधे जागा सोडलेल्या पानावर सही करू नका. पानांना छापील क्रमांक आहेत का पाहा. ठरावाखाली उरलेली जागा आडवी रेघ मारून बंद करायला लावा. 'ऐनवेळचे विषय' या मथळ्याखाली काय लिहिलंय ते दोनदा वाचा, कारण सभेत जे कर्ज कधी बोललंच गेलं नाही, ते नंतर याच जागेत येऊन बसतं. हे मी अनेक दप्तरांत पाहिलं आहे. शाई वेगळी, अक्षर दाटीवाटीचं, खाली मात्र सगळ्यांच्या सह्या.

यावर तुम्हाला काय ऐकावं लागेल, तेही माहीत आहे. 'सर, आमच्यावर विश्वास नाही का?' लहान गावात हा प्रश्न फार जड असतो, कारण चेअरमन तुमचा विद्यार्थी असतो किंवा त्याच्या वडिलांचं आणि तुमचं जुनं घरोब्याचं नातं असतं. मी संचालकांना एकच उत्तर सुचवते: 'विश्वास आहे म्हणूनच पॅनेलमध्ये आलो. पण सही माझी आहे, आणि ठेवीदार माझं नाव बघून ठेव ठेवतात.' हे खरंही आहे. तुम्हाला घेतलं ते त्यासाठीच. निवृत्त शिक्षकाचं नाव फलकावर दिसलं की पेन्शनीतले लोक ग्रॅच्युइटीचे पैसे तिथे ठेवतात. बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही, आणि बहुतेक ठेवीदारांना हा फरक माहीत नसतो. त्यांच्या पैशांवर नजर ठेवायला त्यांच्या बाजूने आत बसलेला माणूस म्हणजे तुम्ही.

आता हिशेबाकडे येऊ. ताळेबंद शिकायला वेळ लागेल, शिका जरूर. पण काही गोष्टी मागायला अकाउंट्स लागत नाही. सगळ्यात आधी मोठ्या कर्जदारांची यादी मागा, आणि ती नावानिशी नको, घरानिशी हवी. म्हणजे एका कुटुंबात, एका फर्ममध्ये, एकाच जामीनदारांच्या साखळीत मिळून किती रक्कम गेली आहे ते. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून जास्त रक्कम एका बांधकाम समूहाशी जोडलेली होती आणि ती लपवायला २१ हजारांहून अधिक बनावट खाती वापरली होती, असं तपासात समोर आलं. कागदावर हजारो कर्जदार, प्रत्यक्षात एकच घर.

तुम्ही म्हणाल, यादीच खोटी दिली तर मी काय करणार? रास्त शंका आहे. म्हणूनच यादी तोंडी मागायची नाही. लेखी मागायची, व्यवस्थापकाच्या सहीने घ्यायची आणि 'सभेपुढे सादर' अशी इतिवृत्तात नोंद करायची. मग खोटेपणाची जबाबदारी सही करणाऱ्याकडे जाते आणि तुम्ही विचारलं होतं हे सिद्ध होतं. न विचारलेल्या गोष्टीबद्दल 'मला सांगितलंच नाही' हा बचाव फार कमकुवत पडतो. शिवाय, माझ्या अनुभवात, लेखी सही द्यायची वेळ आली की बरेच व्यवस्थापक खरं बोलतात. त्यांच्यावरही वरून दबाव असतो आणि कोणीतरी विचारावं अशी त्यांची मनातून इच्छा असते.

दुसरी गोष्ट मार्च अखेरची. नवं-जुनं हा प्रकार तुम्ही ऐकला असेल. जुनं थकलेलं कर्ज नव्या कर्जातून भरल्यासारखं दाखवायचं, म्हणजे ३१ मार्चला थकबाकी कमी दिसते, बुडीत कर्जासाठी तरतूद करावी लागत नाही, नफा दिसतो, लाभांश वाटता येतो. हे पकडायला फक्त दोन याद्या शेजारी ठेवायच्या: मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पूर्ण फेडलेली कर्जं, आणि त्याच्या आगेमागे दिलेली नवी कर्जं. तीच नावं, त्याच घरातली बायकोमुलांची नावं, तेच जामीनदार दिसले तर विचारा की फेडीचे पैसे कोणत्या खात्यातून आले. तुम्ही शाळेची हजेरी तपासली आहे, याहून अवघड यात काही नाही. त्याच बैठकीत आणखी एक विचारा: नफ्यात धरलेल्या व्याजापैकी प्रत्यक्ष जमा किती आणि नुसतं 'येणे' किती? कागदावरच्या व्याजातून लाभांश वाटणं म्हणजे ठेवीदारांच्या पैशातून सभासदांना वाटप. कायद्याने लाभांश १५ टक्क्यांच्या वर नेता येत नाही, पण व्याज आलंच नसेल तर ७ टक्केसुद्धा जास्तच आहेत.

आणि पैसा खरंच जिथे सांगितला आहे तिथे आहे का? हा प्रश्न विचारायला लोकांना लाज वाटते, म्हणून यावर जरा थांबते. हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबूल केलं की, ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीतले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. मंडळावर नामवंत स्वतंत्र संचालक होते. त्याआधी तीन आठवडे, १६ डिसेंबर २००८ रोजी, त्याच मंडळाने अध्यक्षांच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घेण्याचा प्रस्ताव मंजूर केला होता. भागधारकांनी ओरड केल्यावर तो मागे घ्यावा लागला. विद्वत्तेची कमी त्या टेबलाभोवती नव्हती. बँकेकडून थेट शिलकीचा दाखला मागवून तो पाहणं, एवढी साधी गोष्ट कोणी केली नाही. आपल्याकडे अलीकडचं उदाहरण न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांत १२२ कोटींची रोकड कमी असल्याचं पुढे आलं. निर्बंध आले, संचालक मंडळ बरखास्त झालं.

तुमच्या संस्थेत याचा अर्थ असा: जिल्हा बँकेत किंवा इतरत्र ठेवलेल्या गुंतवणुकीच्या मूळ पावत्या पाहायच्या आणि त्या बँकेकडून शिलकीचा दाखला संचालक मंडळाच्या नावे थेट मागवायचा. व्यवस्थापकाने आणून दिलेली झेरॉक्स चालणार नाही. दोन संचालकांनी न कळवता जाऊन तिजोरी मोजायची आणि त्याचा पंचनामा प्रोसिडिंगला लावायचा. सोनेतारणाच्या पिशव्यांपैकी काही वेगळ्या सोनाराकडून तपासायच्या. पिग्मीच्या (रोजच्या बचतीच्या) दहा-वीस खातेदारांकडे जाऊन त्यांची पुस्तकं आणि संस्थेचा खातेउतारा जुळवायचा. हे काम तर निवृत्त शिक्षकाइतकं चांगलं कोणीच करू शकणार नाही, कारण गावात तुम्हाला प्रत्येक जण ओळखतो आणि पुस्तक दाखवायला कोणी नाही म्हणणार नाही.

लेखापरीक्षण अहवाल ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी सोय आहे, आणि ती वापरली जात नाही याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. आम्ही अहवालात दोष लिहितो. संस्थेने ३ महिन्यांत त्यांचा खुलासा, दुरुस्ती निबंधकांना कळवायची असते. प्रत्यक्षात काय होतं, तर मागच्या वर्षीचा दोषदुरुस्ती अहवाल तारीख बदलून पाठवला जातो. मागच्या तीन वर्षांचे अहवाल मागा आणि फक्त दोषांची पानं ओळीने वाचा. जो दोष तिन्ही वर्षी आहे, तिथे बोट ठेवा. 'तारणाचं मूल्यांकन जुनं आहे', 'जामीनदारांची कागदपत्रं अपूर्ण', 'संचालकांच्या नातेवाइकांची कर्जं' अशी ती वाक्यं साध्या मराठीत असतात. ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हा अहवाल यायला हवा. तो 'वाचला असे समजून' पुढे सरकवू देऊ नका.

विरोध कसा नोंदवायचा, याबद्दल एका बाई आठवतात. महिलांच्या राखीव जागेवरून आलेल्या, शिक्षण सातवीपर्यंत. एका मोठ्या कर्जाला तारण म्हणून दिलेल्या जमिनीचा मूल्यांकन अहवाल सभेत आला, त्यात तो बिगरशेती भूखंड म्हणून दाखवला होता. त्या म्हणाल्या, 'ती जागा ओढ्यात आहे. पावसाळ्यात मी तिथून जाऊच शकत नाही.' बाकीचे हसले, कर्ज मंजूर झालं. त्यांनी आपल्या मुलाकडून अर्ज लिहून घेतला, दुसऱ्या दिवशी संस्थेत दिला, प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला, आणि एक प्रत सहायक निबंधकांच्या कार्यालयात दिली. काही वर्षांनी कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित करायची वेळ आली, तेव्हा त्या कर्जापुरतं त्यांचं नाव वगळलं गेलं. ताळेबंद त्यांना शेवटपर्यंत वाचता येत नव्हता. ओढा माहीत होता आणि कागद जपलेला होता.

तुम्हीही तसंच करा. मंजुरीच्या आधी बोला, नंतर नाही. कारण सांगा, नुसता 'विरोध' म्हणू नका. ठरावातच आपलं नाव आणि कारण लिहायला सांगा. लिहिलं नाही तर त्याच दिवशी पत्र द्या. आवक घ्यायला नकार दिला तर पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवा, ई-मेलही करा, आणि ७ दिवस उलटायच्या आत निबंधकांना प्रत द्या. प्रत्येक ठरावाला विरोध करू नका. तसं केलं की तुमचं ऐकणं थांबतं आणि खरा विरोध गर्दीत हरवतो. दहा विषयांपैकी नऊ साधे असतात, ते मंजूर होऊ द्या.

या सगळ्यानंतरही पूर्ण निर्धास्त राहता येईल असं मी म्हणणार नाही. विरोधाची नोंद त्या ठरावापुरती वाचवते. ठेवी परत करणंच थांबलं, तर ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा लागू होऊ शकतो. तिथे फौजदारी बाजू येते, आणि तिथे तुमची भूमिका पुराव्याने दाखवावी लागते. तेव्हाही हेच कागद कामी येतात, पण वकील लागेल. गंभीर अपहाराचा वास आला तर पत्रं लिहीत बसू नका, निबंधकांकडे कलम ८३ खाली चौकशी मागा. आणि अशा वेळी इतर संचालकांपैकी कोण खरंच अस्वस्थ आहे ते शोधा. दोघांनी एकत्र विचारलेला प्रश्न सभेत टाळणं अवघड जातं.

राहिला राजीनामा. घाबरून आज दिलात तर तुमच्या काळात झालेल्या ठरावांची जबाबदारी संपत नाही. कलम ८८ मध्ये आजी, माजी, एवढंच काय दिवंगत पदाधिकाऱ्यांचाही उल्लेख आहे. उलट आत असताना दप्तर पाहण्याची जी मोकळीक आहे, ती बाहेर पडल्यावर राहत नाही. मी तुमच्या जागी असते तर आधी पोटनियम, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि मी निवडून आल्यापासूनच्या सर्व सभांचं प्रोसिडिंग लेखी अर्ज करून पाहायला मागितलं असतं. दिलं, तर वाचायला बसले असते, आणि ज्या ठरावांवर नकळत सही गेली आहे त्यांच्याबद्दल पुढच्याच सभेत लेखी खुलासा मागितला असता. चांगल्या संस्थेत हे विचारल्यावर चेअरमन नाराज होतात, पण कागद मिळतात. पुढच्या दोन सभांनंतरही कागद मिळाले नाहीत, तर राजीनामा द्या. त्यात 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहू नका. कोणत्या तारखेला काय मागितलं आणि काय मिळालं नाही, ते लिहा, त्याची प्रत सहायक निबंधकांना द्या, आणि राजीनामा स्वीकारल्याच्या ठरावाची प्रमाणित नक्कल हातात येईपर्यंत पाठपुरावा करा.